आग बाहेर, पाणी आत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात न्हाणी परसदाराला लागून होती आणि बंब होता न्हाणीच्या बाहेर, पडवीत. तांब्याचा, पोट सुटलेला, वर टोपी घातलेला. पहाटे दादी आतूनच हाक द्यायची, "बंब पेट्या क्या रे?" आणि घरातलं जे पोर हाताशी लागेल ते डोळे चोळत करवंट्या, ढलप्या आणि कणसाची बुरकुंडं घेऊन पडवीत जायचं. बंबाच्या मधोमध एक उभं नळकांडं असतं. त्यात वरून जळण टाकायचं, खाली जाळीतून राख पडते आणि भोवतालच्या पाण्याला ऊब लागत जाते. तोटीखाली बादली धरायची, कढत पाणी आत न्हाणीत न्यायचं, घंगाळात ओतायचं आणि त्यात विसण घालून अंगाला सोसेल असं करायचं. 'विसण' हा शब्द आता माझ्या मुलीलाही सांगावा लागतो. नळाची एक चकती इकडे आणि एक तिकडे फिरवली की विसण आपोआप होतं, मग शब्द कशाला राहील?

बंब या शब्दाचं नातं पोर्तुगीज 'बोंबा'शी सांगतात. बोंबा म्हणजे पाण्याचा पंप. आगीचा बंब आणि आंघोळीचा बंब एका नावाचे का, याचा उलगडा तिथे होतो. रचनेनं मात्र आमचा बंब रशियातल्या आणि काश्मिरातल्या समोवारच्या घराण्यातला. पोटात आग, भोवती पाणी. फरक एवढाच की त्यांनी त्यात चहा केला आणि आपण आंघोळ केली.

एक पाणी मात्र आमच्याकडे बंबात तापत नसे. घरात कुणी गेलं की शेवटच्या आंघोळीचं पाणी अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, मोठ्या पातेल्यात तापायचं. शेजारच्या हिंदू घरांतही मी तेच पाहिलं आहे. लहानपणी अंगणात पातेलं चढलेलं दिसलं की आम्ही पोरं गप्प व्हायचो.

दादीचा दुसरा एक नियम सांगतो. धाकट्या बहिणीच्या वेळी अम्मी बाळंत झाली तेव्हा खोलीत शेक-शेगडी होती. पावसाळ्याचे दिवस होते. भेटायला आलेल्या बाईनं वारा लागेल म्हणून दार ओढून घेतलं. दादी स्वयंपाकघरातून धावत आली, दार उघडलं आणि फटीत एक वीट लावून ठेवली. "दरवाजा बंद नको करो, कोयला सर को चढता." कोळसा डोक्याला चढतो, एवढंच तिचं शास्त्र होतं. ती शाळेत गेली नव्हती. मी बी.ए. झालो, आणि तरी तिची वीट विसरलो.

2012 च्या जानेवारीतली गोष्ट आहे. मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात राहायला आलो होतो. विजेचं बिल फार येतं म्हणून गॅसचा गिझर घेतला. ज्याला इंग्रजीत टँकलेस म्हणतात, तसला. पाण्याची साठवण नाही, नळ सोडला की ज्योत पेटते, बंद केला की विझते. बसवणाऱ्या माणसानं तो न्हाणीतच, नळाच्या वर, अर्ध्या तासात ठोकून दिला. मुलगी म्हणाली, अब्बा, वरच्या झरोक्यातून गार वारा येतो. मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून झरोक्याच्या काचांमध्ये नीट बसवला. अगदी मापात कापला होता. त्या कामाचा मला अभिमानही वाटला होता, हे कबूल करायला हवं.

चौथ्या दिवशी ती केस धुवायला गेली. वीस-पंचवीस मिनिटं झाली. पाण्याचा आवाज येत होता, ज्योतीचा हू हू असा आवाजही येत होता, पण तांब्याचा आवाज थांबला होता. माझ्या बायकोच्या ते लक्षात आलं, माझ्या नाही. तिनं दोनदा हाक मारली. शेजारच्या मुलानं खांद्यानं कडी तोडली. मुलगी भिंतीला टेकून बसल्यासारखी होती, डोळे अर्धे उघडे. आम्ही तिला चादरीत गुंडाळून गॅलरीत आणलं. त्या चार-पाच मिनिटांत मला साताऱ्याच्या अंगणातलं ते पातेलं दिसत होतं. मग तिनं मोठा श्वास घेतला आणि उलटी केली.

दवाखान्यात आम्ही सांगितलं, फिट आली असावी. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही, पहिलाच विचारला, "आंघोळीला गॅसचा गिझर आहे का? आत आहे का?" लगेच ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी घरी आली. मी आल्या आल्या तो पुठ्ठा काढला. फेकला नाही. बराच काळ तो माझ्या टेबलाच्या खणात होता.

नंतर कळलं की आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत यावर लिहिलं आहे. न्हाणीत बेशुद्ध पडलेली, अपस्माराचा रुग्ण समजून आणलेली माणसं, आणि मूळ कारण गॅसचा गिझर. काहींना विनाकारण फिटच्या गोळ्या सुरू होण्याची वेळ येते. काही तेवढीही सुदैवी नसतात. त्यांची बातमी दर हिवाळ्यात आपण आतल्या पानावर वाचतो.

मला एका प्रश्नानं पछाडलं. आमच्या घरात आग नेहमी न्हाणीच्या बाहेर होती. ती आत शिरली कधी, आणि कुणी आणली?

जुन्या जगात ती बाहेरच होती. रोमन लोकांच्या स्नानगृहांत फरशीखाली पोकळी असे आणि भट्टी भिंतीपलीकडे. गरम हवा फरशीखालून, भिंतीतल्या पोकळ विटांतून फिरायची. आंघोळ करणाऱ्याला धूर दिसतही नसे. हीच युक्ती पुढे हम्मामात आली. फारसीत हम्मामाच्या भट्टीला 'गुलख़न' म्हणतात. उर्दू शायरांना 'गुलशन'समोर 'गुलख़न' ठेवायला फार आवडतं, बागेसमोर भट्टी. तुर्की भाषेत त्या भट्टीघराला 'कुल्हान' म्हणतात, आणि इस्तंबूलची बेघर, दांडगट पोरं त्या उबेला झोपायची म्हणून मवाल्यांना तिथे कुल्हानबेयी असं नाव पडलं. म्हणजे आत अमीर-उमराव, बाहेर राखेत पोरं, आणि दोघांच्या मध्ये एक जाड भिंत. या भिंतीत अन्याय होता, पण शहाणपणही होतं.

बाबर 1526 मध्ये हिंदुस्थानात आला आणि इथे हम्माम नाहीत म्हणून त्यानं आपल्या आत्मचरित्रात कुरकुर केली आहे. ऊन, वारा आणि धूळ या तिन्हींनी तो जेरीस आला होता. आग्र्याला त्यानं बाग केली, त्यात हम्माम बांधला आणि तिन्हींवर हा उतारा आहे असं लिहून ठेवलं. आपल्या सीमेला लागून बऱ्हाणपूर आहे. तिथल्या शाही किल्ल्यात, तापीच्या काठावर मोगलांचा हम्माम आजही उभा आहे, छतावर रंगकाम आहे. मी तिथे गेलो होतो तो खरं म्हणजे रहीमसाठी. दोह्यांचा कवी अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार होता आणि 1615 मध्ये त्याच्या काळात 'कुंडी भंडारा' हे जमिनीखालचे पाण्याचे कालवे झाले. कवीनं गावाला पाणी दिलं, ही गोष्ट आम्हा कवी लोकांना फार धीर देणारी आहे. पण हम्मामात शिरल्यावर मी दोहे विसरलो आणि आग कुठून लावत असतील ते शोधत राहिलो. माझ्याबरोबरचे लोक छत बघत होते.

काश्मिरात तर ही पद्धत अजून जिवंत आहे. कितीतरी मशिदींत एक खोली दगडी फरशीची असते, खाली पोकळी, लाकूड पेटवायचं तोंड बाहेरच्या बाजूला. वर माणसं पाय पोटाशी घेऊन ऊब खात बसलेली असतात आणि त्याच आगीवर तांब्याच्या भांड्यात वजूचं पाणी तापतं.

मग आग आत आणली कुणी? उत्तर एका माणसाच्या नावानं मिळतं, हे इतिहासात सहसा होत नाही. लंडनचा बेंजामिन वॅडी मॉघन. व्यवसायानं रंगारी, घरं सजवणारा. 1868 मध्ये त्यानं गॅसवर झटपट पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. वरून पाणी बारीक तारांवरून झिरपत खाली यायचं, खालून जळत्या गॅसची गरम वाफ वर जायची, आणि टबात कढत पाणी. आइसलँडमध्ये 'गेसिर' नावाचा उकळत्या पाण्याचा झरा आहे, जमिनीतून उसळणारा. मॉघननं त्याचं नाव आपल्या यंत्राला दिलं, 'गिझर'. आज अमेरिकेत गिझर म्हटलं तर लोकांना झराच आठवतो. न्हाणीतल्या यंत्राला ते नाव आपण मात्र इमानानं जपलं आहे.

मॉघनच्या यंत्राला धुराडं नव्हतं. जळलेला वायू जायचा कुठे, तर न्हाणीतच. हे यंत्र आजच्या आपल्या टँकलेसचं आजोबा, आणि आजोबांचा हा दोष नातवंडांपर्यंत आला.

पुढची गोष्ट जर्मनीतली. ह्यूगो युंकर्स नावाचे प्राध्यापक-अभियंते वायूत किती उष्णता आहे हे मोजायचं उपकरण करत होते. वायू जाळायचा, त्याची उष्णता वाहत्या पाण्याला द्यायची आणि पाणी किती तापलं ते बघायचं. त्यांच्या लक्षात आलं की हे मोजायचं यंत्र म्हणजेच पाणी तापवायचं यंत्र आहे. 1895 मध्ये डेसाऊ गावी त्यांनी कारखाना काढला. न्हाणीच्या बंबांतून आलेला पैसा त्यांनी विमानांच्या संशोधनात घातला आणि 1915 मध्ये संपूर्ण धातूचं विमान उडवून दाखवलं. युरोपात हळूहळू गिझरला धुराडं जोडणं सक्तीचं होत गेलं. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या एडविन रूड यांनी 1889 मध्ये साठवणीचा आपोआप चालणारा हीटर केला, आणि अमेरिकेनं तळघरात टाकी ठेवायचा रस्ता धरला. तो आपला विषय नाही.

आग पुन्हा बाहेर नेली ती मुख्यतः जपान्यांनी. त्यांच्याकडे 'गोएमोन-बुरो' नावाचा जुना प्रकार होता. लोखंडी कढई, खाली आग, वर लाकडाची फळी टाकून माणूस आत बसायचा. 1594 मध्ये गोएमोन नावाच्या दरोडेखोराला उकळत्या कढईत टाकून मारलं, त्याचं हे नाव. जपानी विनोद जरा निराळाच आहे. पण त्या कढईच्या चुलीचं तोंड बहुधा भिंतीबाहेर असायचं. आतला माणूस ओरडून सांगायचा, जरा आच वाढव, आणि बाहेरून बायको किंवा मुलगा लाकूड सारायचा. महायुद्धानंतर चाळीसारख्या इमारती उभ्या राहिल्या, लहान न्हाण्यांत गॅस आला आणि माणसं गुदमरू लागली. साठच्या दशकात तिथे भिंतीतून बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त बंब आला. पुढे सगळं यंत्रच गॅलरीत, बाहेरच्या भिंतीवर गेलं. आज तोक्योच्या गॅलऱ्यांमध्ये अशा चौकोनी पेट्या रांगेनं दिसतात.

आपल्याकडे मात्र बंब गेला, शहरात परसदार गेलं, चार बाय सहाची न्हाणी आली आणि सिलिंडर परवडू लागल्यावर मॉघनचा नातू त्या न्हाणीत येऊन बसला. त्याची भूक किती असते? मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. विजेवर हे करायचं म्हटलं तर पंचेचाळीस अँपियर हवेत, आणि घरातलं मोठं सॉकेट पंधरा-सोळाचं असतं. म्हणून तर लोक गॅसकडे वळतात. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे न्हाणीचं दार लावून शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्यासारखं झालं. एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. हा गिझर अर्ध्या तासात अर्ध्या किलोच्या आसपास गॅस खातो. आठ फूट उंचीच्या आमच्या न्हाणीत सगळी मिळून हवा साडेपाच घनमीटर. त्यात मी पुठ्ठा लावला होता.

हवा कमी पडली म्हणून ज्योत लगेच विझत नाही. ती अर्धपोटी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होतं, पाय लटके पडतात, कडीपर्यंत हात पोचत नाही. दादीचं 'सर को चढता' म्हणजे हेच.

तेव्हा आम्ही गिझर बाहेर काढायचा ठरवला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा हे काम अवघड निघालं. पहिल्या माणसानं डक्ट सुचवला. इमारतीच्या पोटातली ती उभी चिमणीसारखी जागा. आमच्या डोक्यावरून धूर गेला असता, पण त्या डक्टमध्ये वरच्या बिऱ्हाडाचा झरोका उघडतो. आमची मुलगी वाचवून दुसऱ्याची धोक्यात घालायची? दुसऱ्यानं सुचवलं, ड्राय बाल्कनी. तिला घरमालकांनी सरकत्या काचा लावल्या होत्या. काचा लावलेली बाल्कनी म्हणजे न्हाणीच, फक्त मोठी.

खास बाहेरसाठी बनवलेला गिझर निराळा असतो. पावसाला दाद न देणारं बंद कवच, धूर ढकलायला पंखा, ठिणगीला वीज, आणि आत न्हाणीत बटणांची पट्टी. तो महाग होता आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस आसपास नव्हता. आम्ही साधाच, आयएसआय खुणेचा, टॉर्चच्या दोन सेलवर ठिणगी पाडणारा घेतला आणि पुढच्या मोकळ्या गॅलरीत, स्लॅबच्या छज्जाखाली, खिडकीपासून लांबच्या भिंतीवर लावला. वाऱ्यानं ज्योत फडफडू नये म्हणून एका बाजूला पत्र्याचा आडोसा केला. बसवणारा चारी बाजूंनी पेटी करून द्यायला निघाला होता, त्याला थांबवावं लागलं. खाली आणि वर उघडं हवंच. सिलिंडर बाजूला, उभा, ज्योतीच्या खाली नाही. असा साधा गिझर न्हाणीतून गॅलरीत नेताना कंपनीच्या माणसाला विचारून घ्यावं, कारण प्रत्येक बनावट तिथे चालतेच असं नाही.

पाण्याचा दाबही बघावा लागतो. नळ सोडल्यावर पाण्याच्या जोरानं आतला रबरी पडदा सरकतो, तेव्हाच गॅस उघडतो. गच्चीवरची टाकी दहा मीटर वर असेल तर चांगला दाब मिळतो. अगदी वरच्या मजल्यावर टाकी डोक्याशीच, तिथे ज्योत पेटायला रुसते आणि लोक गिझरला शिव्या देतात. बोअरचं जड पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात, मग वर्षातून एकदा साफसफाई. आणि ज्योत निळी आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. पिवळी दिसली तर माणूस बोलवायचा.

गॅलरीपासून न्हाणीपर्यंत नळी बारा फूट आली. तेवढ्यात तांब्याभर गार पाणी साठतं आणि सकाळी आधी तेच येतं. बायको ते बादलीत धरते आणि तुळशीला, मोगऱ्याला घालते. शेजारच्या काकूंनी दिलेली तुळस आहे, चांगली वाढली आहे.

मुलगी आता नोकरीसाठी नाशकात असते. गेल्या डिसेंबरात नवं भाड्याचं घर घेतल्यावर तिचा फोन आला, "अब्बा, गिझर बाहेर गॅलरीत आहे, काळजी करू नका." मी विचारलं, गॅलरी कशी आहे? जरा थांबून ती म्हणाली, "काचा लावल्यात." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी निघालो. घरमालक भले गृहस्थ होते, चहा पाजला, ऐकून घेतलं. गिझरच्या बाजूच्या दोन काचा आम्ही दोघांनी मिळून उतरवल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. करारात त्यांनी एक ओळ वाढवून घेतली, की घर सोडताना भाडेकरूनं काचा परत बसवून द्याव्यात.